गालिच्याला पाणी सगळ्यात शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतलं दसऱ्याच्या आवराआवरीचं पान मी कापून ठेवलंय. पान चांगलं आहे. पितळेला चिंच, आरशाला वर्तमानपत्राचा बोळा, सगळं आमच्या हातातलंच. पण खालच्या कोपऱ्यात गालिच्याची चौकट आहे तिथं घोटाळा झालाय. ‘खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून गालिच्यावर ओता, कडक ब्रशने घासा, कडक उन्हात वाळवा.’ एवढ्याशा वाक्यात चार चुका. कालवणं चूक, ओतणं चूक, घासणं चूक आणि कडक ऊन ही चौथी. पितृपंधरवडा चालू आहे, घटस्थापनेला आठवडा राहिलाय, घरोघरी दसरा काढायला सुरुवात झालीय. ते वाचून कुणी बादली भरायच्या आत हे पत्र छापलंत तर बरं होईल.

ही कोण सांगणार, असं वाटेल. आमच्या मालकांचा शुक्रवार पेठेत मंडपाचा धंदा होता, छत्तीस वर्षं. कनाती, खुर्च्या, भांडी, जाजमं, सतरंज्या, स्टेजवरचे गालिचे. माल बाहेर नेणं त्यांच्याकडे, परत आलेला झाडून, डाग काढून, घडी घालून गोडाऊनला लावणं माझ्याकडे. लग्नसराईत एकेक गालिचा आठवड्यात तीन कार्यं करून यायचा. त्याच्यावर काय काय सांडलेलं असायचं ते विचारू नका. दरवेळी धुलाईला टाकायची ऐपत नव्हती आणि फाटला तर नवा घ्यायचीही नव्हती. त्यामुळे जे शिकले ते कमी पैशातच शिकले.

आणि पहिला धडा नुकसानीचाच होता. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावी गेल्या होत्या. मला वाटलं, त्या यायच्या आत काहीतरी करून दाखवावं. स्टेजचा तांबडा गालिचा काढला. सहा बाय नऊचा, लोकरीचा, भदोहीचा म्हणून घेतलेला. दोन मुठी धुण्याचा सोडा, उकळतं पाणी आणि खराट्याने खसाखसा. पाणी तांबडं यायला लागलं तर मी खूश, म्हटलं बघा किती मळ होता. भिजल्यावर तो एवढा जड झाला की चार गडी लागले उचलायला. त्यांनी तो कट्ट्यावर पसरला आणि खालच्या दोरीवर बैठकीच्या गाद्यांच्या पांढऱ्या खोळी वाळत होत्या. संध्याकाळी खोळी गुलाबी. गालिचा वाळला तो एका अंगाला आखडून, कोपरे पापडासारखे वर आलेले. आत्याबाई आल्या, चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, “गालिचा म्हणजे काय चड्डी हाय व्हय गं, भिजत घालायला?” त्यानंतर त्यांनीच मला शिकवलं. त्यांचं पहिलं वाक्य या पत्राच्या डोक्यावर घातलंय.

गालिच्यातला मळ म्हणजे मुख्यतः कोरडी धूळ आणि बारीक वाळू. ती वर दिसत नाही, लवेच्या मुळाशी जाऊन बसते. वरून माणूस चालला की ती धाग्याला कानशीसारखी घासत राहते. दारातल्या नि सोफ्यासमोरच्या गालिच्याला आधी टक्कल पडतं ते त्यामुळे. या धुळीवर पाणी ओतलं की तिचा चिखल होतो आणि तो आणखी खाली जाऊन बसतो. वर चार दिवस उजळ दिसतं, मग पुन्हा काळपट. लोक म्हणतात धुतला तरी मळका. अहो, आधी झाडलाच नव्हता.

झाडायची रीत अशी. गच्चीवर जुनी चादर अंथरायची, तिच्यावर गालिचा पालथा टाकायचा. लव खाली, पाठ वर. मग कपड्याच्या धोपाटण्याने पाठीवरून हलक्या हाताने बडवायचं. धोपाटणं नसेल तर नातवंडांना अनवाणी नाचू द्या, तेवढंच काम होतं. समोरून बडवलं तर धूळ आत जाते, मागून बडवलं तर बाहेर पडते, एवढीच त्यातली गंमत. गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींचा चार बाय सहाचा गालिचा असा पालथा टाकला. त्यांचं म्हणणं, आम्ही रोज झाडतो, त्यात काही नसणार. दहा मिनिटांनी उचलला तर चादरीवर त्याच मापाचा करड्या धुळीचा चौकोन. मी तो सुपलीत भरला, पाऊण सुपली झाली. वाळू, केस, शेंगदाण्याची फोलपटं, एक टिकली आणि त्यांच्या नातवाच्या बुटातून आलेली ग्राउंडची माती. वहिनी गप्प. मग चादर झटकायची आणि गालिचा फिरवून पुन्हा तेच, धूळ पडायची थांबेपर्यंत. शेवटी सुलटा करून केरसुणी मारायची. लवेवरून हात फिरवून बघा, एकीकडून मऊ लागतं, एकीकडून खरखरीत. आधी उलट्या लवेने झाडायचं, मग सुलट्या.

यात एक अपवाद. पाठीला रबर किंवा फोम असेल तर बडवू नका. जुनं रबर तडकतं आणि पिठासारखं सांडायला लागतं. त्याला नुसती केरसुणी.

आमच्याकडच्या धनगरी घोंगड्याचंच बघा. वर्षानुवर्षं वापरतात, धुतंय कोण ते? झटकायचं, ऊन दाखवायचं, पुन्हा खांद्यावर. तीही लोकरच. भिजवून रगडली तर त्याची चिंचोक्याची खळ निघून जाते आणि घोंगडं लुळं पडतं. ही अक्कल आपल्याकडे होतीच, गालिचा महागाचा म्हणून तिथं ती चालत नाही असं आपण ठरवलं.

आता तुमच्या सोड्याकडे येते. माझा नातू अकरावीला सायन्सला आहे. त्याला ती चौकट दाखवली तर तो हसायला लागला. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे राहतं सोडियम ॲसिटेट, म्हणजे एक प्रकारचं खारं पाणी. दोघांचा जो काय गुण असतो तो एकमेकांनी मारलेला. फेस बघून आपल्याला वाटतं काम चाललंय. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत. कुबट वासाला खायचा सोडा. गालिचा पूर्ण कोरडा असताना पिठाच्या चाळणीने वर भुरभुरवायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी बडवून नि झाडून काढायचा. व्हिनेगर चहाच्या डागाला, एक भाग व्हिनेगर नि दोन भाग पाणी, फडक्याला लावून टिपायचं. फक्त वाण्याकडे नुसतं ‘सोडा द्या’ म्हणू नका. खायचा सोडा निराळा, धुण्याचा निराळा. धुण्याचा सोडा लोकरीला काय करतो ते मी वर सांगितलंच आहे. ब्लीचचं तर नावच नको, लोकर त्यात विरघळते. आणि संडास धुवायचं ॲसिड नि ब्लीच एकत्र करणारी माणसं मी बघितली आहेत. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, मग गालिचा राहतो बाजूला नि माणूस दवाखान्यात.

काही जण खडेमीठ पसरून झाडायला सांगतात. कोरड्या मुलखात चालत असेल. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीलाच पाणी सुटतं, ते गालिच्यात राहिलं तर गालिचा ओलसरच राहणार. चहाचा चोथा पसरायचाही एक उपाय ऐकलाय, ज्यांचा गालिचा मुळात चहाच्या रंगाचा आहे त्यांनी करावा.

गालिचा कशाचा आहे हे कळत नसेल तर पैसे खर्च न करता कळतं. पाठीमागच्या कडेचा एक सुटा धागा काढा, चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर लोकर. कागद जळाल्यासारखा वास आला तर सूत. वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिकचा धागा. हल्ली दिवाळीच्या आधी महाद्वार रोडवर बरेचसे हे तिसरेच दिसतात. पाठीला ताग किंवा डिंकाने चिकटवलेलं कापड नसेल तर तो खुशाल गच्चीवर टाका, साबणाचं पाणी मारा, पाइपने धुवा. त्याचा रंग सहसा धाग्यातच असतो. सुती सतरंजी आणि जाजमालाही गरम पाणी, सोडा, बडवणं सगळं सोसतं. पाठीला ताग असेल तर मात्र जपा. ताग भिजला की आखडतो आणि त्याचा तपकिरी रंग वर चढून येतो. तो डाग मग कुणाच्या बापाला निघत नाही.

लोकरीचा पुसायचाच असेल तर रिठे. दहा-बारा रिठे फोडून बिया काढायच्या, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी एक उकळी आणून गाळून गार करायचं आणि रवीने घुसळायचं. वर जो फेस येतो तेवढाच वापरायचा, खालचं पाणी नाही. पाणी पिवळट असतं, फिक्या गालिच्यावर उतरतं. फेस फडक्यावर घ्यायचा, लवेच्या दिशेने हलक्या हाताने पुसायचं, लगेच दुसऱ्या ओल्या फडक्याने, मग तिसऱ्या कोरड्या. फडकी पांढरी हवीत, आम्ही मामंजींच्या जुन्या धोतराची वापरायचो. त्याआधी कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं पाच मिनिटं दाबून धरायचं. फडक्यावर रंग आला तर फेससुद्धा लावायचा नाही. रिठे, सोडा, व्हिनेगरची बाटली, माझा या वर्षीचा सगळा खर्च दीडशेच्या आत झाला.

डागांबद्दल लिहायला लागले तर आपलं पान भरेल, पण कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याबद्दल लिहिलं नाही तर चालणार नाही. रस्सा सांडला की पहिला हात पाण्याकडे जातो, तो आवरा. वर तेलाचा तवंग आहे, त्यात तिखटाचा रंग आहे. पाणी लावलं की तेल पसरतं आणि रुपयाएवढा डाग ताटलीएवढा होतो. आधी चमच्याने कडेकडून मध्याकडे खरवडून घ्या. मग वर बेसन किंवा टाल्कम पावडर मुठीने टाका आणि अर्धा तास तिकडे बघू नका. बेसन तांबडं झालं की झाडून पुन्हा कोरडं टाका. दोन-तीनदा असं केलं की तेल निघतं. मग वाटीभर गार पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, त्यात फडकं बुडवून पिळून टिपायचं. टिपायचं म्हणतेय, घासायचं नाही. आता गंमत होते. साबण लागला की पिवळा डाग एकदम कुंकवासारखा लाल होतो आणि बायका घाबरतात. घाबरू नका, ती हळद. साबणाने ती लाल होते, साध्या पाण्याने टिपलं की पुन्हा पिवळी. तो पिवळेपणा ऊन खातं. डागाएवढी जागा उघडी ठेवायची, बाकीच्या गालिच्यावर चादर टाकायची आणि दोन-तीन दुपारी उन्हात ठेवायचा. ऊन हळद उडवतं तसं गालिच्याचा रंगही उडवतं, म्हणून चादर. तुमच्या चौकटीतलं कडक ऊन एवढ्यापुरतंच. बाकी गालिचा वाळवायचा तो सावलीत, वाऱ्यावर, दोन बाजांवर आडवा टाकून म्हणजे खालूनही हवा लागते.

पांढऱ्या रश्श्याला, दुधाला, रक्ताला गार पाणीच. गरम लावलं की शिजून बसतं. चिखल ओला असताना हात लावू नका, वाळू द्या, मग झाडला की जातो. बॉलपेनच्या शाईला स्पिरिटचा बोळा. आणि जोतिबाच्या डोंगरावरून आलेल्या माणसाला गालिच्यावर बसूच देऊ नका. बसलाच तर गुलालाला पाण्याचा थेंब लावायचा नाही. कोरडा गुलाल झटकून, केरसुणीने जवळपास सगळा निघतो. ओला झाला की तो गुलाल राहत नाही, रंग होतो. चैत्र यात्रेनंतरच्या एका लग्नात वऱ्हाडच्या वऱ्हाड गुलालात आलं होतं आणि एका शहाण्याने गालिच्यावर ओला पोछा मारला. तो गालिचा पुढं पाच वर्षं आम्ही नवरीच्या खुर्चीखाली घालत होतो.

पानाचा डाग निघत नाही. कात लागला की संपलं. त्याच्यावर टीपॉयचा पाय ठेवावा.

मशिनवाल्यांबद्दलही लिहायला हवं. त्याच शेजारच्या वहिनींनी गेल्या जुलैत फोनवरून धुलाईवाला बोलावला होता. मुलगा सभ्य होता, मशीनही मोठं होतं, चौरस फुटावर पैसे घेतले. पण भर पावसात त्याने गालिचा चिंब करून ठेवला आणि ‘उद्यापर्यंत वाळेल’ म्हणून गेला. जुलैत आपल्याकडे रुमालसुद्धा दुसऱ्या दिवशी वाळत नाही. चार दिवस पंखा लावून ठेवला, पाठीचं कापड सुटलं आणि घरात ओल्या कुत्र्यासारखा वास. सगळेच तसे नसतात. आजोबांच्या वेळचा, हाती विणलेला, रेशमाचा गालिचा असेल तर जाणकाराकडेच द्यावा, तिथं माझे रिठे नकोत. पण कुणाकडेही द्या, पावसाळ्यात नको. आणि परत आल्यावर अंथरायच्या आधी पाठीवर तळहात ठेवून बघा, गार लागला तर अजून ओला आहे.

पाण्याचं आम्हाला वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टात गोडाऊनमध्ये छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आत गेलो तर गालिच्यांच्या वळकट्या गाळाने भरलेल्या, हाताने उलगडेनात. लोक म्हणाले धुऊन बघा. पुराचं पाणी म्हणजे नुसतं नदीचं नसतं, गावातलं गटार त्यात असतं. फोमचे आणि चिकटवलेल्या पाठीचे सगळे टाकून दिले, मालक दारात पाठ फिरवून उभे होते. सुती जाजमं तेवढी सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढून वाचवली. तेव्हापासून पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट, म्हणजे इशारा पातळी झाली की गालिचे माळ्यावर. 43 च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. 2021 च्या जुलैत त्यामुळे निम्मा माल तरी वाचला.

नदीचा विषय निघालाच आहे तर एक कबुली. दसऱ्याची धुणी घेऊन पंचगंगेच्या घाटावर मीही कैक वर्षं गेलेय. टेंपो भरून जाजमं, पायऱ्यांवर साबणाचा फेस, आणि गालिच्यांचा रंग पाण्यात वाहत जाताना मला काहीच वाटायचं नाही. आज तिथं टेंपोवाल्यांना बघितलं की तोंड उघडायची चोरी होते. तरी म्हणते, निदान घरातला गालिचा घाटावर नेऊ नका. त्याला नदीएवढं पाणी लागतच नाही, घरच्या चावीचं, म्हणजे नळाचं, अर्धी बादली पुरतं.

शेवटची एक सूचना, पेठापेठांतल्या मंडळांसाठी. व्हॅक्युम क्लीनर गालिच्याला चांगलाच, नाही म्हणत नाही. पण वर्षातून चारदा वापरायला प्रत्येक घराने कशाला घ्यायचा? गणपतीत डॉल्बीसाठी आपण घरटी वर्गणी देतोच. त्यातून गल्लीसाठी एक चांगला व्हॅक्युम क्लीनर घ्या आणि तालमीत ठेवा. ज्याला लागेल त्याने वहीत नाव लिहून न्यावा, पिशवी रिकामी करून परत आणून द्यावा. आमच्या मंडळाच्या अध्यक्षाला मी हे परवा सांगितलं. त्याला मी लंगोटात बघितलाय, त्यामुळे त्याला ऐकून घ्यावंच लागलं. डोकं खाजवत म्हणाला, “काकी, घेऊ की, पण धूळ ओढायच्या मशिनचं उद्घाटन कुणाच्या हातून करायचं?” म्हटलं तूच कर, नारळ मी देते, आणि पहिला गालिचा तुझ्या आईचा.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर